बाजारपेठ : लहान

जून लागला की लातूरच्या आमच्या गल्लीत गाद्या दिसायला लागतात. जीपच्या टपावर, रिक्षाच्या मागे, बापांच्या खांद्यावर. नव्या कापसाच्या, सुतळीने आवळलेल्या. गादीमागून एक पोर येतं. हातात प्लास्टिकची बादली असते आणि बादलीत पाण्याचा मग, साबणाची डबी, कागदात गुंडाळलेला देवाचा फोटो. त्याच्या मागून आई येते. ती चालताना समोर बघत नाही, वर इमारतींकडे बघत येते. यातल्या कुठल्या खिडकीच्या आत आपलं लेकरू राहणार आहे, याचा अंदाज घेत.

कोपऱ्यावर क्लासच्या पाट्या एकीवर एक चढलेल्या असतात. चौकात मागच्या वर्षीच्या पोरांचे मोठाले चेहरे, गुणांसकट. मेसवाल्या बायका दारात उभ्या राहून भाव सांगतात. दोन महिने ओस पडलेली गल्ली आठवड्याभरात भरून जाते, आणि आमच्या वरच्या खोल्यांमध्येही पुन्हा मुलींच्या हसण्याचे आवाज यायला लागतात. त्या खोल्यांच्या भाड्यावर आमचंही घर चालतं, हे आधीच सांगून टाकते.

ही भरती बघताना मला दरवर्षी एक उन्हाळा आठवतो. तो लातूरचा नाही, नांदेडचा.

आम्ही लोह्याचे. माझे वडील, नाना, तिथल्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचे. किल्लारीचा भूकंप होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. त्या काळी दहावीच्या सुट्टीत पोरांना टायपिंगला नाहीतर कॉम्प्युटरला घालायची पद्धत होती. नानांनी मला आणि महादेवला नांदेडला कॉम्प्युटरला घातलं.

महादेव माझ्या वर्गातला. मूळचा तो जवळग्याचा, किल्लारीच्या बाजूचं एक लहान गाव. भूकंपात त्याचे आई, वडील आणि धाकटी बहीण घराच्या दगडमातीखाली गेले. तो तेवढा वाचला. लोह्याच्या आत्याने त्याला आणून आमच्या शाळेत घातलं, तेव्हा तो दहा वर्षांचा असेल. हसायचा, बोलायचा, गणितात तर सगळ्यांच्या पुढे असायचा. फक्त वर्गात बाक दाराजवळचाच घ्यायचा. आणि झोपायला आत्याच्या अंगणात. पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत. पक्क्या छताखाली त्याला झोप येत नसे. आत्या समजूत घालायची, मग तिनेही सोडून दिलं. गावात कुणी त्याला त्यावरून चिडवलं नाही. भूकंपानंतर आम्ही सगळेच कितीतरी दिवस अंगणात झोपलो होतो. आम्ही आत परतलो, तो परतला नाही, एवढंच.

सकाळच्या एस.टी.ने आम्ही नांदेडला जायचो. परतताना खिडकीच्या गजाला हात लावायची सोय नसायची, इतका तो तापलेला असे. नांदेडच्या वजिराबादेत इम्रानभाईंच्या अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यावरच्या माडीत इम्रानभाईंचा कॉम्प्युटर क्लास. चपला जिन्यात काढून ठेवायच्या. आत जाड पडदे, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, आणि अंधारात निळे उजळलेले कॉम्प्युटरचे पडदे. कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून जी काळजी तिथे घेतली जाई, ती देवघरातसुद्धा कोणी घेत नसेल. खालून अब्बांच्या दुकानातल्या सगळ्या घड्याळांचे टोले थोडेथोडे मागेपुढे वाजत राहायचे.

आमची तुकडी सुटली की पुढची येईपर्यंत मशीन मोकळी असत. इम्रानभाईंना कुणीतरी हैदराबादहून खेळांची एक सीडी आणून दिली होती. त्यात बेसबॉलचा एक खेळ होता. बॅट फिरवायचा नव्हे, संघ चालवायचा. खेळाडू घ्यायचे, घडवायचे, कुणाला ठेवायचं कुणाला सोडायचं ते ठरवायचं, आणि एक कळ दाबली की अख्खा हंगाम कॉम्प्युटरच खेळून टाकायचा. पडद्यावर निकालांच्या ओळी भराभर वर सरकत जायच्या आणि शेवटी तक्ता यायचा. कोण पहिलं, कोण शेवटचं.

बेसबॉल आमच्या बापजन्मात कुणी पाहिला नव्हता. पण मी शाळेच्या सॉफ्टबॉलच्या टीममध्ये कॅचर होते, आणि बेसबॉल म्हणजे सॉफ्टबॉलचा थोरला भाऊच. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, इथपासून ते बेस चोरण्यापर्यंत सगळं मी त्या दोघांना समजावून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा महादेव माझ्याकडून काही शिकत होता, म्हणून मी जरा तोऱ्यातच होते.

खेळात अमेरिकेतल्या शहरांची नावं पुसून आपली घालता यायची. आम्ही मुंबई, पुणे, नागपूर घातली. मग लातूर, नांदेड, निलंगा, किनवट, लोहा. प्रत्येक गावाच्या नावापुढे एक रकाना होता : बाजारपेठ. मोठी, मध्यम, लहान. बाजारपेठ मोठी असली की मैदानावर माणसं जास्त, म्हणून पैसा जास्त, म्हणून चांगले खेळाडू घेता येणार. इम्रानभाईंनी नांदेड घेतलं. घरचं म्हणून लोहा घ्यावं असं माझ्या मनात आलं, पण हरायला कुणाला आवडतं? मी मुंबई घेतली.

महादेवने लोहा पुसलं आणि तिथे लिहिलं, जवळगा. बाजारपेठेच्या रकान्यात, लहान.

"अरे, छोटा बाजार कायकू लेता रे?" इम्रानभाई म्हणाले. "नाव जवळगाच ठेव, पण बाजार मोठा टाक. कॉम्प्युटरला काय समजतंय?"

"जवळगा लहानच हाय," महादेव म्हणाला. "म्हणजे, व्हतं."

मग त्याने खेळाडूंची नावं बदलायला घेतली. बालाजी. शिवाजी. अन्वर. गुंडू. एकेक नाव एका बोटाने टाइप करत होता.

"कोण हायत रे हे?" मी विचारलं.

"आमच्या वर्गातले," तो म्हणाला. "जवळग्याच्या शाळेतले."

इम्रानभाई उठले, खाली जाऊन तिघांसाठी उसाचा रस घेऊन आले.

त्या उन्हाळ्यात आम्ही किती हंगाम खेळलो याला गणती नाही. महादेव मन लावून संघ घडवायचा. नवख्या पोरांना घ्यायचा, धीर धरायचा, त्यांना मैदानावर उतरवत राहायचा. दोन-तीन हंगामांत बालाजी असा पिचर झाला की माझ्या मुंबईची फळी त्याच्यापुढे आडवी व्हायची. आणि बरोबर तेव्हाच त्याचा करार संपायचा. पडद्यावर एक ओळ यायची : बालाजी मुंबईकडे. मला बोलीही मोठी लावावी लागत नसे. जवळग्याला तेवढी लावताच यायची नाही.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं, हा चिडणार. महादेव पडद्याकडे बघत म्हणाला, "जाऊ दे. खेळून तर राहिलाय."

त्यानंतर प्रत्येक हंगामाच्या शेवटी तो आधी माझ्या संघाचं पान उघडायचा. बालाजीने किती गडी बाद केले ते बघायचा, आणि मगच जवळग्याकडे वळायचा.

एक गोष्ट तेव्हा आमच्या लक्षात आली. लहान गाव जिंकतच नाही, असं नव्हतं. एखादा सामना कुणीही कुणालाही हरवू शकायचं. एखाद्या हंगामात तर जवळगा पार शेवटच्या लढतीपर्यंत आलं, आणि एकदा चक्क पहिलं आलं. त्या दिवशी इम्रानभाईंनी टेबलावर ताल धरला होता. पण पुढच्या हंगामात शिवाजी गेला, अन्वर गेला, आणि जवळगा पुन्हा तळाला. मुंबईही अधूनमधून हरायची, पण तिला परत वर यायला एक उन्हाळा पुरायचा, जवळग्याला आठ-दहा लागायचे. हंगामामागून हंगाम खेळत गेलो की तक्ता हळूहळू बाजारपेठेच्या रकान्यासारखा दिसायला लागायचा. वर मोठी, मध्ये मध्यम, खाली लहान. जिंकून जिंकून मला कंटाळा आला, आणि हरून हरून महादेवला आला नाही, याचं मला नवल वाटायचं.

एके दिवशी इम्रानभाईंनीच सगळ्या गावांपुढे एकच शब्द टाकला. मध्यम. खेळाडू तेच ठेवले. आणि कळ दाबली. किनवट पहिलं आलं. पुढच्या हंगामात नागपूर. मग निलंगा, मग जवळगा, मग माझी मुंबई. तक्त्याचा काही अंदाजच लागेना. आम्ही हसत होतो. महादेव हसत नव्हता. तो पडद्याच्या अगदी जवळ जाऊन म्हणाला, "पोरं तीच हायत. बाजार तेवढा बदलला."

मग दहावीचा निकाल लागला. महादेव तालुक्यात पहिला आला, नुसता पहिला नाही, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आला. लोह्यात असं आधी कधी घडलं नव्हतं. आत्याने गल्लीभर पेढे वाटले. आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात लातूरची जीप उभी राहिली.

एका मोठ्या क्लासचे संचालक आले होते. पांढरा शर्ट, गोड बोलणं. त्यांनी महादेवला हार घातला, नानांना शाल दिली. फी नाही, वसतिगृह फुकट, जेवण फुकट, पुस्तकं फुकट. "सर, हिरा आहे तुमच्याकडे," ते म्हणाले. "पैलू पाडायला आमच्याकडे द्या." माणूस वाईट नव्हता. त्याने जे कबूल केलं ते सगळं पुढे पाळलं.

पण नानांनी त्याच वर्षी, कितीतरी चकरा मारून, लोह्यात अकरावी सायन्सची तुकडी मंजूर करून आणली होती. लोह्यातल्या पोरांना लोह्यातच शिकता यावं, हे त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. पट भरला तर तुकडी टिकणार, आणि पहिला आलेला पोरगा राहिला तर बाकीचे राहणार. हे सगळ्या गावाला कळत होतं. महादेवलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. मी आत दाराशी तांदूळ निवडत होते.

"सर, मी जात न्हाई. इथंच तुमच्यापाशी शिकतो."

"का?" नानांनी विचारलं.

"ते जे शिकवत्यात ते तुम्हीबी शिकवता."

"शिकवतो. पर दोन वर्षांनी परीक्षेत तुझ्या बरोबरीला लातूरचीच पोरं असणार हायत. त्यांच्यात आतापासून बस. इथं प्रयोगाला धड काचेची नळी न्हाई, महादेव."

"मग तुकडीचं?"

नाना म्हणाले, "तुकडी माझी हाय. तिचा घोर तू नको घेऊ."

महादेव खाली बघून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, तिथं स्लॅब हाय. वर अजून दोन मजले हायत."

तांदळातला माझा हात थांबला. नाना त्याच्याजवळ सरकले आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी येतो संगं," एवढंच म्हणाले.

आई मात्र भडकली. महादेव गेल्यावर तिने पदर खोचला. "आपल्याच पायावर धोंडा पाडून राहिलाव तुम्ही! त्यो गेला की सगळे जातेत. मग कुणाला शिकवता? बाकड्यांना?"

"एका पोराला धरून ठेवून चालवायची असंल," नाना म्हणाले, "तर ती शाळा न्हाई, कोंडवाडा हाय."

नाना महादेवला घेऊन लातूरला गेले आणि लगेच परत आले नाहीत. वसतिगृहाच्या व्यवस्थापकाची परवानगी काढून ते त्याच्या खाटेशेजारी चटई टाकून राहिले. इकडे लोह्यात तुकडीचे प्रवेश सुरू होते, आणि तुकडीचे सर लातूरला एका पोराशेजारी झोपत होते. परतले तेव्हा आईने विचारलं, "झोपतंय का लेकरू?" "झोपतंय," ते म्हणाले.

पुढे पुष्कळ वर्षांनी महादेवने मला सांगितलं, "सर पडल्या पडल्या घोरायचे गं. मी छताकडं बघत पडायचो अन् त्यांचं घोरणं ऐकायचो. मला वाटायचं, एवढा शहाणा माणूस बिनघोर झोपलाय, म्हणजे हे पडणार न्हाई. तसाच कधीतरी डोळा लागायचा."

मी हे नानांना सांगितलं, तर ते हसले. "मी कुठं झोपत होतो? घोरल्यासारखं करत होतो."

आईचं म्हणणं खरं झालं. त्या वर्षी दोघे-तिघे महादेवच्या मागे गेले, पुढच्या वर्षी ज्यांना जमलं ते सगळे. ज्यांना लातूर परवडलं नाही त्यांनी आर्ट्स घेतलं. लोह्यातली सायन्सची तुकडी पटाअभावी बंद झाली. नाना परत आठवी-नववीला शिकवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. ते कधी कुणावर चिडले नाहीत. पण तुकडी बंद झाली त्या वर्षीच्या जूनमध्ये मी त्यांचा डबा द्यायला शाळेत गेले होते, तेव्हा सायन्सच्या रिकाम्या खोलीत ते एकटेच फळा पुसत होते. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

बारावीत महादेवने नाव काढलं. लातूरभर त्याचा फोटो लागला, लोह्याच्या बसस्थानकावरही लागला. फोटोखाली क्लासचं नाव होतं, संचालकांचं होतं, शिकवणाऱ्यांची होती. नानांचं नव्हतं, लोह्याचंही नव्हतं. मी आणि नाना त्या फलकासमोर उभे होतो. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. नाना मान वर करून बघत म्हणाले, "फोटो चांगला आलाय. पोरगं जरा भरलंय."

महादेव डॉक्टर झाला. सरकारी बंधपत्राची नोकरी म्हणून त्याला किनवटच्या बाजूला पाठवलं, तिथे तो मुदत संपल्यावरही राहिला. सागाच्या जंगलातल्या पाड्यांवर फिरायचा, तिथली माणसं त्याच्या नावाने शपथ घ्यायची. आम्हाला वाटलं, हा आता तिथलाच झाला. मग लग्न झालं, मुलं झाली, मुलांच्या शाळेचा प्रश्न आला. जी शस्त्रक्रिया त्याला येत होती तिची साधनं तिथे नव्हती आणि येणारही नव्हती. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याचा मला फोन आला.

"अरुणा, चाललो मी."

"जा की," मी म्हटलं. "तिकडंबी माणसंच हायत."

तो मग म्हणाला, "बालाजीसारखाच निघालो की गं मी."

इम्रानभाईंनी क्लास बंद करून हैदराबाद गाठलं होतं. मी लग्न करून लातूरला आले होते. आमच्यापैकी कुणी कुणाला फसवलं नव्हतं. ज्याने जेव्हा निघायला हवं होतं तेव्हाच तो निघाला होता, आणि प्रत्येकाच्या मागे एकेक खोली रिकामी होत गेली होती. यात चूक कुणाची म्हणून मी किती वेळा शोधलं. कुणी हाती लागत नाही. सापडतो तो फक्त पडद्यावरचा एक रकाना. तो कुणीतरी, कधीतरी, आम्ही खेळायला बसायच्या आधीच भरून ठेवलेला.

आई गेल्यानंतर मी नानांना लातूरला घेऊन आले. ते यायला तयार नव्हते. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळेला ते काठी घेऊन गल्लीत निघतात, आणि मी सोबत असते. सायकली, चहाच्या टपऱ्या, वड्यांचा वास, पाठीवर दप्तरं घेतलेल्या पोरांचा लोंढा. म्हाताऱ्या माणसाने या वेळेला घरात बसावं, असं मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं.

परवा आमच्या दारासमोरच एक मुलगी उभी होती. नवी आलेली, ते तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. नाना थांबले.

"कुठली गं तू?"

"किनवटच्या बाजूची, आजोबा."

"आश्रमशाळेतली का?"

"हाव." ती चपापली. हे यांना कसं कळलं, असा तिचा चेहरा.

"मग गणिताला राठोड सर असतील तुम्हाला."

मुलीचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही वळखता सरांना?"

"तर! पेपर तपासायला एका टेबलावर बसायचो आम्ही. अक्षर लई देखणं त्यांचं. अजून लिहितेत का तसंच?"

"फळा पुसू वाटत न्हाई, आजोबा. आम्ही मधल्या सुट्टीतबी पुसत नव्हतो."

नाना हसले. मी त्यांच्याकडे बघत होते. मला तेव्हा कळलं की हा म्हातारा रोज संध्याकाळी या गर्दीत कशाला येतो. उदगीर म्हटलं की त्यांना तिथले सर आठवतात, देगलूर म्हटलं की तिथल्या बाई. सगळ्या लहान गावांतली पोरं इथे येऊन पोचतात, पण त्यांना घडवणारे कुठल्या फलकावर नसतात. नाना त्यांची नावं घेत फिरतात.

"सरांना कळवलंस का, इथं पोचलीस म्हणून?" त्यांनी विचारलं.

मुलीने मान खाली घातली. "न्हाई."

"का बरं?"

"त्यांचं म्हणणं व्हतं, किनवटलाच शीक. मला वाटलं, रागावले असतील."

"रागावत न्हाईत," नाना म्हणाले. "मला म्हाईत हाय. लाव फोन."

तिने दप्तरातून फोन काढला, नंबर शोधला, कानाला लावला. नाना काठी टेकत चार पावलं पुढे गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले, तिला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून. गल्लीत हॉर्नचा, पोरांचा, भांड्यांचा गोंधळ होता. पलीकडच्याला आधी नीट ऐकू गेलं नसावं. तिने दुसऱ्या कानावर हात दाबला आणि आवाज चढवला.

"कविता, सर! कविता आत्राम! तुमच्या वर्गातली!"